सोळा भाज्या आणि एक वही

"पाय वं, काय आनलं आमच्या सूनबाईनं," म्हणत काकूंनी भिंतीवरून एक पारदर्शक डबी माझ्या हातात ठेवली. आत काटवलं. सगळी एका मापाची, वरून ताणून बसवलेलं प्लास्टिक आणि त्यावर काळ्या रेघांचं स्टिकर. "मॉलमंधून आनले. काटवल बी आता डबीत बसून येते मायबाई. अन् भाव पाह्यला का? इतवाऱ्यात एवढ्या पैशात याच्या दुप्पट आले असते, वरून मूठभर सांभार फुकट."

"पण काकू, किडकं एकही नाही यात."

"मनूनच त भ्या वाटते. जे काटवल अळी खात नाही, ते आपन काऊन खा?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकूंशी बोलताना असं वारंवार होतं.

आमची दोन्ही घरं अमरावतीत, साईनगरात, मधे छातीइतकी भिंत. काकू माहेरच्या अकोल्याच्या. इथं त्यांची लेकरं लहानाची मोठी झाली, नातू शाळेत जायला लागला, सगळ्या गणगोताची अंबादेवी करून झाली, पण भाजीचा विषय निघाला की त्या पुन्हा अकोलेकरीण होतात. अकोल्याचा जनता भाजी बाजार म्हणजे त्यांच्या लेखी भाजीचं विद्यापीठ. (खरं कृषी विद्यापीठही अकोल्यातच, 1969 पासून, पंजाबराव देशमुखांच्या नावाचं. पंजाबराव मात्र आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, हे मी काकूंना दर वेळी ऐकवते.) मी इथलीच. जवाहर गेट, परकोटाच्या आतल्या गल्ल्या, इतवारा, हे सगळं आईचं बोट धरून पाहिलेलं. त्यामुळे वांगी कुठली चांगली, यावर आमचं एकमत होण्याची शक्यता नाही.

"तुमच्या अकोल्याची मेथी इथं येईपर्यंत माना टाकते," मी एकदा म्हटलं.

"काऊन टाकन? आमच्या रस्त्याचं नाव गिनीज बुकात हाये!"

आहे खरं. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर लोणी ते माना या पट्ट्यात एका लेनच्या मापानं 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत अंथरून टाकलं, त्याचा विश्वविक्रम झाला. विक्रम डांबराचा झाला, मेथीचा नाही, असं मी म्हणणार होते. पण तेवढ्यात काकूंनी खरी अडचण सांगितली. महालक्ष्म्या तीन दिवसांवर आल्या होत्या आणि सूनबाईंनी जाहीर केलं होतं की या वर्षी सोळाही भाज्या मॉलमधून येणार.

पुण्यामुंबईकडे गौरी म्हणतात, त्या आमच्याकडच्या महालक्ष्म्या. त्यांच्या जेवणात पुरण, कढी, ज्वारीची आंबील आणि सोळा भाज्या एकत्र करून केलेली भाजी लागतेच. कोहळं, दोडकं, ढेमसं, भेंडी, गवार, चवळीच्या शेंगा, कारलं, पडवळ, वांगं, मुंगन्याच्या शेंगा, धोप्याची पानं, अंबाडी... बारा-तेरापर्यंत सगळं सुरळीत जातं. पुढं दरवर्षी घरोघरी वाद. आलू धरायचा का? काकडी भाजी की फळ? सांभाराला स्वतंत्र भाजीचा मान द्यायचा का? आमच्या सासूबाई हिरवी मिर्ची मोजून सोळा पूर्ण करत आणि वर देवीला सगळं कळतं म्हणत.

आता यातली गोम अशी की भाज्या सोळा लागतात, पण प्रत्येक मूठभरच. बाजारातल्या बायांना हे पाठ असतं. त्या दिवसांत त्या सोळा भाज्यांचा वाटाच लावून बसतात. कोहळ्याची एक फोड, दोन भेंड्या, चार शेंगा, धोप्याचं एक पान, असं सगळं एका ढिगात. उचला आणि चला. त्या वाट्यात खरंच सोळा आहेत का, हे कोणी मोजत नाही. मोजलं तर बाई म्हणते, "कमी असन त घ्या ही एक गवारीची शेंग." झाल्या सोळा.

मॉलमध्ये दोन भेंड्या पिशवीत घालून वजनकाट्यावर ठेवायच्या, तिथल्या मुलीनं पडद्यावर भेंडीचं चित्र शोधायचं, स्टिकर काढायचं, चिकटवायचं. असं सोळा वेळा. मागं रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या हातात एकच टरबूज आणि डोळ्यांत काय असेल, ते सांगायला नको. मुंगन्याच्या शेंगा तिथं एका लांबीच्या कापून दोऱ्यानं बांधलेल्या, अर्धा किलोच्या खाली नाहीतच. धोपा नाही. अंबाडी नाही. ब्रोकोली मात्र आहे.

"बिरोकोली घातली त चालन का महालक्ष्मीले?" काकूंनी विचारलं.

"सतरावी म्हणून घाला."

एवढ्यावरून कुणाला वाटेल की मी बाजाराच्या पक्षाची. तसं नाही. मे महिन्यात मी मॉलच्या पक्षाची असते. पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, सकाळी सातला टवटवीत दिसणारा पालक दहा वाजता आडवा होतो, बाया ओली बारदानं टाकून पाणी मारत बसतात आणि आपण रुमाल बांधून भाजी निवडतो की भाजी आपल्याला निवडते, कळत नाही. अशा वेळी मॉलचं दार उघडलं की जी थंड झुळूक अंगावर येते, तिच्यासाठी टमाट्याचे दोन रुपये जास्त द्यायला माझी ना नाही. निम्मं गाव तिथं केवळ थंडावा खायला येतं. काकूंचे काकाही जातात. घेत काही नाहीत. मिठाईच्या फळीपुढं उभे राहून किमती वाचतात. "साखर वाढली नं यायची," काकू सांगतात, "डॉक्टरनं पथ्य सांगतलं. पाळून त रायले बिचारे, पन उतरूनच नाही रायली."

आणि ती ढकलगाडी! पहिल्यांदा मॉलमध्ये गेल्या तेव्हा काकू ती धरायला तयार नव्हत्या. मी त्यांना सांगितलं की यात लाजण्यासारखं काही नाही. ही गाडी 1937 मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीच्या सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदारानं काढली, तेव्हा तिथले लोकही हात लावेनात. पुरुषांना ते बायकी वाटे. बाया म्हणत, लेकरांच्या गाड्या ढकलून कंबर मोडली, आता आणखी ही कायला? शेवटी गोल्डमननं पगार देऊन माणसं आणली आणि त्यांना दुकानात गाड्या ढकलत फिरवलं. त्यांना पाहून बाकीचे शिकले.

"म्हंजे फिरासाठी पैशे देल्ले?" काकूंचा जीव वरखाली झाला. "अन् आमचे काका फुकट फिरून रायले!"

भाजी आपल्या हातानं उचलायची, हे आपल्याला नवं नाही. बाजारात ते कायमचंच. विदेशात मात्र दुकानदार फळीमागून माल काढून देई, आपल्याकडच्या किराणावाल्यासारखा. गिऱ्हाइकानं स्वतः फळीवरून उचलावं, ही पद्धत तिकडे 1916 मध्ये मेम्फिसच्या पिगली विगली या दुकानानं रुळवली. म्हणजे भाजीपुरतं बोलायचं तर इतवारा मेम्फिसच्या पुढंच होता. वांगं दाबून पाहायचं, भेंडीचं टोक मोडून पाहायचं, कोहळ्यावर टिचकी मारायची, आणि यातलं काहीही न घेता पुढच्या पालाकडे जायचं. एवढी सेल्फ सर्व्हिस मेम्फिसला झेपली नसती.

गंमत अशी की मॉलवाल्यांनाही हे ठाऊक आहे. बिग बाजारच्या किशोर बियाणींनी सुरुवातीला रुंद रस्त्यांची, नीट मांडणीची दुकानं करून पाहिली. लोक आत येत, इकडून तिकडे चालत आणि बाहेर पडत. मग त्यांनी पैसे खर्च करून दुकान मुद्दाम अडचणीचं केलं. चिंचोळ्या, वळणाच्या वाटा, गर्दी, गोंगाट. कांद्यांच्या ढिगात माती लागलेले, डाग पडलेलेही राहू दिले, म्हणजे माल शेतातून आल्यासारखा दिसतो आणि त्यातून चांगला कांदा वेचल्यावर माणसाला आपण जिंकलो असं वाटतं. बुधवारचा स्वस्त दिवसही ठेवला. बुधवारचा बाजार! आमच्या खेड्याखेड्यांतल्या आठवडी बाजारांकडे पाहून शिकलेलं शहाणपण. तो बिग बाजार 2001 मध्ये आला आणि 2022 मध्ये त्याच्या दुकानांवरच्या पाट्या उतरल्या. इतवारा आहे तिथंच आहे.

"मंग सुनेले सांग नं हे," काकू म्हणाल्या.

सांगायला मी गेले, तर सूनबाईंनीच मला ऐकवलं. आणि मला ते पटलं. ती म्हणाली, "मावशी, मी नवी आले तेव्हा सासूबाईंसोबत गेलं की मेथीची जुडी दहाची, एकटी गेले की वीसची. माझ्या ड्रेसकडे बघून भाव ठरतो, बोलीवरून ठरतो. घासाघीस मला जमत नाही आणि जमायला हवी असं मला वाटतही नाही. मॉलमध्ये माझ्या तोंडाकडे कोणी पाहत नाही."

खरं आहे. बाजाराचं गुणगान करणाऱ्या बहुतेक जणी बाजारात ओळखीच्या असतात. त्यांना सांभार फुकट मिळतो, त्याचे पैसे सुनेसारख्या नवख्या गिऱ्हाइकाकडून वसूल झालेले असतात. भावाची पाटी ही कितीतरी मुखदुर्बळ माणसांच्या सोयीची गोष्ट आहे. मला तर वाटतं, पुरुष मॉलमध्ये खुशीनं जातात त्याचं कारणही हेच. "केवढ्याला आणली?" या प्रश्नाला पुरावा म्हणून बिल दाखवता येतं.

मग काकूंनी शेवटचं शस्त्र काढलं. "बाजारात घेतलं की पैसा कास्तकाराच्या घरी जाते."

इथं मात्र मी त्यांना सोडलं नाही. कारण माझे मामा कास्तकार, आणि पहाटेची हर्राशी मी पाहिलेली आहे. इतवाऱ्यात पालाखाली बसलेली बाई बहुतेक वेळा शेतकरीण नसते. तिनंही पहाटे ठोकात माल उचललेला असतो. शेतकरी त्याच्याही आधी गाडीभर वांगी उतरवून, भाव ऐकून, गाडीभाडं वजा करून निघून गेलेला असतो. माल जास्त आला तर घरी न्यायचा नाही म्हणून पडत्या भावात देऊन. पूर्वी त्याच्याच पट्टीतून अडतही कापली जायची. 2016 मध्ये सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारानं द्यायची असं ठरवलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी किती आरडाओरडा केला होता, ते आठवत असेल. संत सावता माळींच्या नावानं शेतकऱ्यांचे आठवडी बाजारही त्याच सुमाराला निघाले. कुठं चालले, कुठं नाही.

आणि हे बाजार समित्यांचं प्रकरण सुरू कुठं झालं? आपल्याच वऱ्हाडात. देशातला पहिला नियंत्रित बाजार 1886 मध्ये कारंज्याला, हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानं. 1897 मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला, तोही या प्रकारचा देशातला पहिलाच. शेतकऱ्याच्या कळवळ्यापोटी नव्हे हं. मँचेस्टरच्या गिरण्यांना चोख रुई वाजवी भावात मिळावी, म्हणून.

"कारंजा म्हंजे आमचं अकोल्याचं," काकूंनी एवढंच उचललं.

"1998 पासून वाशीमचं."

"त्याच्या आधी?"

"अकोल्याचं."

"मंग!"

तरी काकूंच्या बोलण्यात एक गोष्ट आहे, जी मॉलला अजून जमलेली नाही. वऱ्हाडातली भाजी फार थोड्या दिवसांची असते. पहिल्या पावसानंतर तरोटा येतो तो कोवळा असेपर्यंतच, आठ-पंधरा दिवस. काटवलं श्रावण-भाद्रपदात. थंडीत हरभऱ्याचा पाला येतो, त्याचा घोळाना करायचा. तुरीच्या शेंगा भरल्या की सोल्याची आमटी, सोल्याच्या कचोऱ्या. त्यात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला. तिथं विहिरीलाही खारट पाणी लागतं. बागाईत भाजी काढायची कशावर? मग उन्हाळ्यात तिथल्या माणसांचा भर वाळवणावर, बेसनावर, डाळीवर. आमच्या ताटात जेवढं बेसन असतं, तेवढं उगाच नाही. तरोटा विकणारी बाई पाटीभर तोडून आणते, दुपारपर्यंत विकते, उद्याचं उद्या. असल्या मालाला स्टिकर छापून होईपर्यंत त्याचा मौसम संपतो. म्हणून भाजीच्या बाबतीत मॉलची मला भीती वाटत नाही. बाजार मॉलनं मारला, असं लिहिणाऱ्यांनी रविवारी इतवाऱ्यात स्कूटर लावून दाखवावी.

मार बसला तो दुसऱ्याच माणसाला. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला. त्याच्याबद्दल मात्र भिंतीवर कधी भांडण होत नाही, कारण या बाबतीत आम्ही दोघीही गप्प असतो. महिन्याची यादी आता कोणीच त्याच्याकडे देत नाही. डी-मार्टचं पहिलं दुकान मुंबईत पवईला 2002 मध्ये निघालं, आणि या धंद्याचा जोर पहिल्यापासून डाळ, तांदूळ, तेल, साबण यांवर. ते स्वस्त देतात त्याची युक्ती काही जादूची नाही. दुकानांच्या जागा शक्यतो भाड्यानं न घेता विकत घ्यायच्या आणि पुरवठादाराला लवकर पैसे चुकते करून त्याच्याकडून कमी भावात माल मिळवायचा. रोखीची ताकद. आमच्या किराणावाल्याचं सगळं उलट. त्याचे पैसे आमच्याकडे अडकलेले. लाल कापडी पुठ्ठ्याची ती लांब वही, एकेका घराचं एकेक पान. मास्तरांचा पगार लांबला, लिही. लग्न निघालं, लिही. खेड्यात तर जूनच्या पेरणीपासून कापूस घरात येईपर्यंत घरंच्या घरं अशा वहीवर जेवलेली आहेत. त्याची तूरडाळ किलोमागं चार रुपये महाग होती ती यासाठी. त्या चार रुपयांत आपली उधारी होती. आपण चार रुपये वाचवायला गेलो आणि पगार अडकला तेव्हा परत त्याच्या दारात उभे राहिलो.

"पन तो बी काई कमी नाही," काकू म्हणाल्या. "जुनी फल्ली खपवते."

"खपवते."

तर महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी शेवटी तह झाला. सूनबाईंनी मॉलमधून बासमती, तूप, गूळ, सुकामेवा आणला. काकूंनी इतवाऱ्यातून सोळा भाज्यांचे दोन वाटे आणले, एक माझा. मी धोप्याची पानं दिली, कारण आमच्या न्हाणीच्या पाण्यावर तो मोकाट वाढतो. सगळं झालं असं वाटत असताना रात्री साडेनऊला काकूंच्या लक्षात आलं की कापूर नाही. मॉल बंद. काकू कोपऱ्यावर गेल्या. त्यानं अर्धं शटर वर केलं, कापूर दिला. सुटे नव्हते. "राहू द्या, लिहून ठेवतो," म्हणाला आणि काकांच्या नावाचं पान काढलं.

काकू परत आल्या त्या थेट भिंतीशी. मला वाटलं कापूर मिळाला नाही.

"काय झालं वं माय म्हनते! आमच्या घरचं पान बंद होऊन साल झालं, असं मी समजून होती. चालू हाये पान! सोनपापडी. गुळपट्टी. सोनपापडी. खारी बूंदी. अन् पुन्हा सोनपापडी. दर दोन दिवसाले!"

"काका?"

"मंग कोन? संध्याकाळी फिराले जातो मन्ते! म्हनूनच मॉलमंधून काई घेत नाही हा मानूस. तठी घेतलं त बिल पोट्ट्याच्या मोबाइलवर येते. अठी वहीत लिहिलं की कोनाच्या बापाले समजत नाही!" आणि घराकडे तोंड करून, सगळ्या साईनगराला ऐकू जाईल अशा आवाजात, "अजीऽ, इकडे या बरं जरा!"

आतून टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला.

आमचे हेही रोज संध्याकाळी त्याच कोपऱ्याकडे फिरायला जातात. मी काकूंना विचारलं, "शटर अजून उघडं आहे का हो?" आणि चपला शोधू लागले.